परतीच्या वाटेवरचा रुपया : हाली सिक्का मराठवाड्यातून माघारी कसा गेला?

(धागा)

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली. त्या दिवशी नांदेडच्या बाजारात आणि लातूरच्या गंजगोलाईत राजवट बदलली. गल्ल्यातला रुपया मात्र तोच राहिला. त्याच्या एका बाजूवर चारमिनार होता आणि चारमिनाराच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर होते. उस्मान अली खान या नावाचे ते आद्याक्षर. लष्करी कारवाई पाच दिवसांत आटोपली. त्या राज्याचे चलन गावोगावच्या मडक्यांतून, कनवटीतून आणि तिजोऱ्यांतून परत घेण्यास मात्र पुढची कित्येक वर्षे लागली.

मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या परतीच्या प्रवासाला क्वचितच जागा मिळते. त्यात गोळी नाही, सत्याग्रह नाही, तुरुंग नाही. पण मराठवाड्यातील प्रत्येक घराला, अगदी ज्या घराने रझाकार कधी पाहिला नव्हता त्या घरालाही, हा बदल स्वतःच्या हाताने मोजावा लागला.

माल बाजारात पोहोचवणारी साखळी सर्वांना दिसते. तोच माल उलट दिशेने परत आणणारी साखळी सहसा दिसत नाही. सोड्याची रिकामी बाटली, धान्याचे बारदान, जुन्या तांब्यापितळेची मोड हे सारे त्या परतीच्या वाटेचे प्रवासी. जाताना माल एका ठिकाणाहून निघतो आणि सगळा एकसारखा असतो. येताना तो हजार ठिकाणांहून येतो. कोणता झिजलेला, कोणता फुटलेला, कोणता बनावट. कधी येईल याचाही नेम नसतो. म्हणून परतीच्या वाटेवर पारखणारा माणूस लागतो, आणि पारखण्याची किंमत कोणी सोसायची हा प्रश्न तिथेच उभा राहतो. नाणे हा अशा मालातला फार जुना नमुना आहे.

मुघल काळापासून दख्खनमध्ये रुपयाला वय होते. चालू वर्षाच्या शिक्क्याचा रुपया पूर्ण किमतीला चाले. जुन्या वर्षाच्या रुपयावर सराफ काही टक्के कापून घेई. ही कपात म्हणजे बट्टा. नाणे झिजले असेल तर आणखी बट्टा, दुसऱ्या टाकसाळीचे असेल तर आणखी. बट्टा वाढत गेला की एक वेळ अशी येई की ते नाणे बाजारात चालवण्यापेक्षा टाकसाळीत नेऊन वितळवणे परवडे. म्हणजे बट्टा हाच नाण्याला माघारी ढकलणारा जोर होता. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण अब्रूविषयी वापरतो. तो आला आहे तो या सराफी व्यवहारातून.

नाणी पारखण्याचे काम पोतदाराचे. दगडावर आपटून नाद ऐकायचा, कसोटीवर घासायचे, तराजूत टाकायचे, शंका आली तर टोचा मारून आतला धातू पाहायचा. आज मराठवाड्यात पोतदार आणि पारखी ही आडनावे सहज भेटतात. त्यांच्यामागे हीच कामे उभी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या मुलखात एकच एक रुपया नव्हता. औरंगाबादची टाकसाळ वेगळी, गदवालची वेगळी, नारायणपेठची वेगळी. शेतकऱ्याने सारा कोणत्या रुपयात भरायचा आणि त्यावर किती बट्टा द्यायचा, यावरच त्याचे बरेच काही अवलंबून असे. १८५३ ते १८८३ या काळात दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी या विखुरलेल्या टाकसाळी आवळत आणल्या आणि संस्थानाचा एक प्रमाणित रुपया चालू केला. तो ‘हाली सिक्का’. हाली म्हणजे सध्याचा, चालू. जुन्या रुपयांच्या गर्दीतून वेगळा ओळखू यावा म्हणून पडलेले हे नाव. पुढे तो रुपया स्वतःच जुना झाला तरी नाव तेच राहिले, यात थोडी गंमत आहे.

शेजारच्या इंग्रजी मुलखातला रुपया ‘कळदार’ म्हणून ओळखला जाई. कळ म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कळदार. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादच्या सैफाबाद टाकसाळीतही यंत्रे बसली आणि चारमिनाराचा देखणा रुपया निघू लागला. तरी लोकांच्या बोलण्यात इंग्रजी तो कळदार आणि निजामी तो हाली, हा भेद कायम राहिला.

दोघांचे नाते सात आणि सहाचे. सात हाली म्हणजे सहा कळदार. सरकारी हिशेबात १०० कळदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा कोणाच्या लहरीतून आलेला नव्हता. कळदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅमच्या आसपास. एकास दुसऱ्याने भागले की १.१७ येतात, सातास सहाने भागले तरी तेच. नात्याचा पाया चांदीत होता, आणि पुढच्या गोष्टीत ही चांदीच सर्वांत अवघड ठरणार होती.

हे दोन रुपये सरहद्दीवर रोज भेटत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत आली आणि कापूस, तूर, करडई यांचा ओघ बार्शी-कुर्डुवाडीकडे वळला. वाटेत संस्थानाचा करोडगिरी नाका. माल पश्चिमेकडे जाई, कळदार पूर्वेकडे येई, आणि शेतकऱ्याच्या हातात पडण्यापूर्वी कळदाराचा हाली व्हावा लागे. नांदेडचेही तसेच. मनमाड-हैदराबाद रेल्वे १९००च्या सुमारास नांदेडवरून गेली आणि मुंबईच्या बाजाराशी गाठ पडली. कापसाच्या दिवसांत हालीला मागणी वाढे; हंगाम सरला, सारा भरून झाला की तोच हाली तालुक्याच्या खजिन्यात परत जमा होई. चांगल्या चाललेल्या चलनव्यवस्थेत परतीची वाट अशी कराच्या रूपाने आपोआप चालू असते. तिला वेगळा हुकूम लागत नाही.

पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली तेव्हा १९१८ पासून संस्थानाने कागदी नोटा काढल्या. नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही रक्कम लिहिलेली असे. या नोटांची एक गोष्ट विषयाला सोडून असली तरी सांगण्याजोगी आहे. २० मे १९२२ रोजी ‘इजिप्त’ नावाचे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यालगत धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाले. त्यात सोन्या-चांदीबरोबर निजामासाठी इंग्लंडात छापलेल्या नोटांचे गठ्ठेही होते. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोने काढायला सुरुवात केली तेव्हा आधी हाती आले ते हे भिजलेले गठ्ठे. सहीविना असलेल्या त्या नोटांची चलन म्हणून किंमत शून्य. मुंबईच्या वाटेवर हरवलेला माल परत मिळाला, पण तोवर तो माल राहिला नव्हता.

कागदी नोट परत आली की तिच्यातून धातू निघत नाही. निघतो तो फक्त हक्क. तो हक्क भागवण्यासाठी संस्थानाने राखीव निधी ठेवला होता आणि त्याचा मोठा हिस्सा हिंदुस्थान सरकारच्या कर्जरोख्यांत होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाल्यावर काही आठवड्यांतच मीर लायक अली यांच्या सरकारने दोन गोष्टी केल्या. मौल्यवान धातू भारतात नेण्यास बंदी घातली आणि भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवले. जोडीला पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. दिल्लीने त्याला कराराचा भंग म्हटले. दिल्लीला राग होता तो सार्वभौमत्वाच्या आविर्भावाचा. लातूरच्या आडत्याची अडचण अधिक साधी होती : बार्शीहून आलेला कळदार आता संस्थानात कायदेशीर चलन राहिला नव्हता.

३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर छापा घातला आणि वीस लाखांहून अधिक रुपये नेले. मराठवाड्याच्या लढ्यातला हा गाजलेला प्रसंग. लढ्याच्या छावण्या उमरखेडसारख्या, सरहद्दीपलीकडच्या भारतीय हद्दीतल्या गावांत होत्या. हालीची नोट तिथल्या दुकानात थेट चालणारी नव्हती. क्रांतिकारकांनाही शेवटी सात-सहाचाच हिशेब करावा लागणार होता.

आता मुख्य प्रश्न. संस्थान विलीन झाल्यावर हे सारे चलन परत घ्यायचे कसे?

एका रात्रीत बाद करणे हा एक मार्ग. तो घेतला गेला नाही, आणि हा निर्णय शहाणपणाचा होता. मराठवाड्यात बँकेच्या शाखा बोटांवर मोजण्याइतक्या. देगलूर, मुखेड, अहमदपूर, निलंगा या बाजूच्या खेड्यातल्या माणसाला बँक म्हणजे दिवसभराची बैलगाडी. मुदत थोडी ठेवली असती तर परतीची सारी वाट सावकाराच्या ओट्यावरून गेली असती. १९५० मध्ये भारतीय रुपया संस्थानात आला, सैफाबादची टाकसाळ केंद्र सरकारने ताब्यात घेतली आणि हाली व कळदार काही वर्षे शेजारी शेजारी चालले. नवा हाली निघणे बंद. जुना खजिन्यात आला की पुन्हा बाहेर पडायचा नाही. नळ बंद केला आणि हौदाची मोरी उघडी ठेवली. हौद हळूहळू रिता होतो, पण गर्दीत कोणी चेंगरत नाही.

या कामाचा कणा होती हैदराबाद स्टेट बँक. १९४१च्या कायद्याने स्थापन झालेली आणि १९४२ मध्ये कामाला लागलेली ही बँक संस्थानाचे चलन सांभाळत होती. म्हणजे ज्या हातांनी हाली वाटला तेच हात तो गोळा करू लागले. परतीची साखळी उभारणाऱ्याला याहून मोठी सोय नसते. कोणती नोट कोणत्या छपाईची, कोणत्या शाखेत किती गेली, बनावट कशी ओळखायची, हे ज्ञान आधीच घरात होते. बँकेखाली जिल्ह्याचा खजिना, त्याखाली तहसील, आणि त्याखाली सारा घेणारा पाटील-पटवारी. ज्या नळीतून पैसा वर्षानुवर्षे वर चढत होता त्याच नळीतून तो शेवटचा चढला.

कागदावर हे नीटस दिसते. जमिनीवर अडचण होती ती अंकगणिताची, आणि इथे थोडे थांबले पाहिजे.

सात हालीचे सहा कळदार, हे सातच्या पटीत पैसे असणाऱ्यासाठी सरळ. एक हाली रुपया म्हणजे किती? १३ आणे ८ पै आणि वर पैचे चार सप्तमांश. एक हाली आणा म्हणजे १० पै आणि दोन सप्तमांश. असे नाणे जगात नाही. आता कल्पना करावी की मजुराकडे एक हाली आणा आहे. समोरच्याने प्रामाणिकपणे १० पै दिल्या तरी दोन सप्तमांश गेलेच. पण सुट्या पै दुर्मीळ; बाजारात हाताळला जाई तो तीन पैचा पैसा. तीन पैसे दिले तर झाल्या नऊ पै. आण्यामागे बरोबर एक अष्टमांश गेला. हजार हालीची थैली आणणाऱ्या व्यापाऱ्याचे नुकसान हजारात एखाद्या पैचे. आणा-आणा करून बदलणाऱ्याचे रुपयामागे दोन आणे. दर दोघांना एकच होता. बट्टा कायद्याने गेला होता. तो अपूर्णांकाच्या रूपाने परत आला, आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी होते त्याच्याकडून सर्वांत जास्त घेऊ लागला.

दुसरी फट कर्जाच्या हिशेबात. हालीत घेतलेले ७०० रुपये कळदारात ६०० होतात. लेखी दस्तात ‘हाली’ किंवा ‘ओ. एस.’ म्हणजे उस्मानिया सिक्का असे लिहिलेले असले तर प्रश्न नव्हता. त्या काळचे खरेदीखत आजही जमिनीच्या वादात पुढे येते तेव्हा ही दोन अक्षरे किती मोलाची होती ते कळते. तोंडी व्यवहारात मात्र ‘सातशे घेतले, सातशे दे’ एवढे म्हणणे पुरेसे होते. रुपया हा शब्द दोन्हीकडे सारखाच.

तिसरी गोष्ट अशी की माल सारख्या वेगाने परत आला नसावा. ज्या नाण्याचा धातू त्याच्या किमतीहून स्वस्त, ते लवकर परत येते. ज्याचा धातू महाग, ते बसून राहते. हे जगभर घडते. जर्मनीने २००२ मध्ये मार्क मागे घेतला. तिथली मध्यवर्ती बँक आजही तो मुदतीविना बदलून देते, तरी अब्जावधी मार्क परत आलेले नाहीत. नोटा आणि हलक्या धातूची चिल्लर घरात ठेवून हालीवाल्याला काही मिळणार नव्हते. चारमिनाराच्या चांदीच्या रुपयात मात्र नऊ ग्रॅम चांदी होती, आणि चांदीला कोणत्याही सरकारची सही लागत नाही.

त्या वर्षांत चांदीची भूक दिल्लीलाही होती. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानने अमेरिकेकडून २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी घेतली होती; अट अशी की युद्धानंतर औंसाला औंस परत करायचा. फाळणीनंतर हा बोजा भारत-पाकिस्तानात वाटला गेला. भारताने आपला वाटा फेडला तो बहुतांशी युद्धकाळातल्या निम्म्या चांदीच्या नाण्यांतून. देशभरातून ती परत बोलावली, त्यांतून तांबे, निकेल, जस्त वेगळे काढले आणि १९५७च्या सुमारास शुद्ध चांदी अमेरिकेला पोहोचती केली. नाणे परत घेणे, वितळवणे, धातू सोडवणे आणि त्याने कर्ज फेडणे : इतकी मोठी परतीची साखळी देशाने त्यापूर्वी क्वचितच चालवली असेल. ती यशस्वी झाली, कारण त्या मिश्रधातूच्या नाण्याला जपून ठेवण्याइतका जीव कोणी लावला नव्हता.

चारमिनाराच्या रुपयाला लावला होता. नांदेड-लातूरच्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या पोशाखात नाणी ओवलेली असतात. भोक पाडलेले वा कडी डागलेले नाणे खजिना पूर्ण किमतीला घेत नाही आणि घेतले तरी देणारी देत नाही. काही रुपये सोनाराच्या मुशीत जाऊन वाळे-तोडे झाले. काही लक्ष्मीपूजनाच्या ताटात राहिले. अधिकृत परतीच्या वाटेच्या शेजारी ही दुसरी वाट होती, आणि चांदी तिच्यावरून शांतपणे निघून गेली. सरकारच्या दृष्टीने ही गळती. धातूच्या दृष्टीने हाही पुनर्वापरच, फक्त त्याची नोंद कुठे नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट बँक रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होऊन ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली. १ एप्रिल १९५७ पासून देशात नवा पैसा आला : रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर नये पैसे आले. कंधारच्या किंवा औशाच्या बाजारात बसणाऱ्या म्हातारीने एका दशकात हालीचा आणा, कळदाराचा आणा आणि नया पैसा असे तीन हिशेब शिकावेत अशी अपेक्षा होती. आधीच्या दोन्ही आण्यांत पै बाराच. फरक आण्याच्या मोलात होता. पन्नासचे दशक संपेपर्यंत हाली कायद्याने पूर्ण बाद झाला.

बाद झालेला चारमिनाराचा रुपया आजही सराफाच्या दुकानात येतो. सराफ तो उलटासुलटा करून पाहतो, काट्यावर टाकतो. काटा अकरा ग्रॅमच्या थोडा वर थांबतो. शेकड्यात अठरा भाग चांदी नाही, म्हणून तेवढी घट धरतो, झीज असेल तर तीही, आणि उरलेल्याचे पैसे मोजून देतो.